एकादशीचा उपास आणि सोळा तासांचा उपास



गेल्या माघातली गोष्ट. दारव्ह्याकडच्या एका गावी सप्ताह होता आणि त्या दिवशी एकादशी होती. मी आता कीर्तन करीत नाही. आवाज बसला, गुडघे नारदाच्या गादीवर दोन तास उभे राहू देत नाहीत. म्हणून खांबाला टेकून ऐकतो. कीर्तन संपले, फराळाची पंगत बसली, आणि एक तरुण पाया पडून जवळ बसला. पोरगा त्याच गावचा, पुण्यास संगणकाच्या कामावर. म्हणाला, "बाबा, मी सोळा-आठ करतो. सोळा तास काही खायचे नाही, उरलेल्या आठ तासांत काय ते दोनदा जेवायचे. तर एकादशी त्यात धरायची, की ती वेगळी?"

भोवतीचे टाळकरी हसले. एकाने "आपल्या एकादशीची नक्कल करून अमेरिका आता आपल्यालाच शिकवते" असे ऐकवले. दुसऱ्याने मोबाइल काढून दाखवला, की एकादशीच्या उपासाला जपानच्या शास्त्रज्ञाने नोबेल मिळवून दिले. हा दुसरा बोलत होता तेव्हा त्याच्या पुढ्यात साबुदाण्याच्या उसळीची दुसरी प्लेट होती, वर दही, शेजारी आलूचा चिवडा. आणि तो पोरगा फक्त पाणी पीत होता.

मी त्या दिवशी त्या हसणाऱ्यांना काही बोललो नाही. पंगतीत भांडण नको म्हणून. ते आज येथे बोलतो.

आधी ते नोबेलचे. माझ्या नातीने मला नीट वाचून सांगितले. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञास २०१६ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले हे खरे. त्यांनी पेशी आपलाच जुना, मोडका भाग कसा मोडून पुन्हा वापरते, ती क्रिया कोणत्या जनुकांनी चालते, ते शोधले. शोधले कशावर, तर पावात घालतात त्या यीस्टवर. त्यात एकादशी नाही, पंढरपूर नाही, माणसाने किती तास उपाशी राहावे याचा हिशोबही नाही. उपासमार झाली की पेशीत ही क्रिया वाढते, एवढ्या धाग्यावर आपण पुरणपोळीएवढे विधान लाटले. माऊली, आपल्या व्रताला परदेशी शिक्क्याची गरज पडावी, आणि तोही खोट्या शिक्क्याची, याची मला लाज वाटते. ज्याला पांडुरंगासाठी उपास करायचा आहे त्याला नोबेल कशाला हवे? आणि ज्याला वजनासाठी करायचा आहे त्याला खोटे सांगून आपण काय मिळवतो?

आता त्या पोराच्या सोळा तासांविषयी. ही चाल आपल्याकडे अमेरिकेतून आली असे समजणाऱ्यांनी आपल्या विदर्भाकडेच पाहावे. काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांच्या वीस पदव्यांच्या गोष्टी आपण पोरांना सांगतो, ते दिवसातून दोनदाच जेवण्याविषयी व्याख्यान देत असत. त्यांचेच सूत्र धरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ते घरोघरी नेले: खरी भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचे, मध्ये काही नाही, आणि रोज पाऊण तास चालायचे. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडे खावे असे सांगत होत्या, आणि महाराष्ट्रात दीक्षित की दिवेकर असा वाद घरोघरच्या ताटावर रंगला. मी त्या वादात पडत नाही. एवढे मात्र सांगतो, की "आपले आजे-पणजे दोनदाच जेवत, म्हणून ते निरोगी" हे वाक्य कीर्तनात मीही फेकले आहे आणि ते अर्धे खोटे आहे. माझा आजा दोनदा जेवायचा, कारण तिसऱ्या वेळची भाकर घरात नसायची. त्याला शहाणपण म्हणणे सोपे आहे. आपले पोट भरलेले आहे म्हणून सोपे आहे.

मग सोळा तासांत तथ्य काय? चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला आणि तो २०२२ साली छापून आला. दोन्ही गटांना सारखेच मोजून कमी अन्न. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खायचे, दुसऱ्याने दिवसभरात केव्हाही. दोन्ही गटांचे वजन उतरले, आणि त्यात फरक म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे घड्याळात चमत्कार नाही. घड्याळाने तोंड बंद राहते, म्हणून अन्न कमी जाते, म्हणून वजन उतरते. आठ तासांत बारा तासांचे खाल्ले तर सोळा तास फुकट गेले. हे त्या पोराने ध्यानात धरावे आणि त्याच्याआधी आपण धरावे, कारण "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण सोळा-आठवाल्यांनी केलेली नाही, ती आपल्याच घरांत जन्मली.

त्या साबुदाण्याकडे एकदा पाहाच. तो पिकतो कसावा नावाच्या कंदापासून. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांनी इकडे आणला. त्याचा साबुदाणा करण्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या बाजूला १९४० च्या दशकात निघाले. बटाटा, भुईमूग, मिरची हीसुद्धा अमेरिकेच्या बाजूनेच आली. म्हणजे ज्ञानोबाराय अळंदीला समाधिस्थ झाले त्या काळी आपल्या आजच्या फराळाच्या ताटातले जवळपास काहीच या देशात नव्हते. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, जवळजवळ सगळा पिष्ट, प्रथिने नावालाच. ज्वारीच्या भाकरीत त्याहून किती तरी अधिक कस आहे. मग त्यात तूप, फल्लीदाण्याचा कूट, साखर. ज्याला साखरेचा विकार आहे त्याने ही उसळ खाऊन "आज उपास आहे" म्हणणे म्हणजे स्वतःच्या रक्ताशी केलेली चोरी आहे. भगर त्यापेक्षा बरी, पण तीही जुनी, दमट, उघडी ठेवलेली नको. भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या उपासांच्या दिवसांत आपण दर वर्षी वाचतो. भगर अखंड आणावी, निवडून धुवावी, घरी दळावी, आणि रात्रीची सकाळी खाऊ नये.

आणि खर्रा! आपल्या जिल्ह्याचे हे खास. पोटात अन्नाचा कण नाही, पण गालात सुपारी-तंबाखूचा गोळा सकाळपासून. टाळ हातात, पिशवी खिशात. "खर्ऱ्याने एकादशी मोडत नाही ना बाबा?" असे मला खुद्द एका विणेकऱ्याने विचारले आहे. मी म्हणालो, एकादशी राहील, जबडा राहणार नाही. पट्ट्या हसला आणि दाराबाहेर जाऊन थुंकून आला.

आता शास्त्राचे. आपल्या घरांत एकादशीचा निर्णय ज्या ग्रंथावरून सांगतात तो धर्मसिंधु पंढरपुरातच राहणाऱ्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिला. तो मी पन्नास वर्षे उशाशी ठेवला आहे. त्यात एकादशीची सक्ती आहे, पण कोणाला? आठ वर्षांहून मोठ्या आणि ऐंशी न गाठलेल्या, शक्ती असलेल्या माणसाला. ज्याला शक्ती नाही त्याने रात्री एकदा जेवावे, ते न झाले तर हविष्यान्न, फळ, दूध घ्यावे, असे एकेक पायरी उतरत सांगितले आहे. पाणी, कंदमुळे, फळ, दूध, औषध, गुरूचे वचन अशा आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, हे तर शाळेत शिकल्यासारखे सर्व शास्त्रींना पाठ असते. व्रत दुसऱ्याकडून करवून घेण्याचीही सोय आहे. नवऱ्याचे बायकोने, बापाचे मुलाने. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला एकाच ओळीत बसवून दोघांनाही योग नाकारतात, आणि माऊलींनी त्यावर मापून आहार घेण्याचा केवढा विस्तार केला आहे. एवढे सारे असताना गादीवरून आम्ही काय सांगितले? "जीव गेला तरी एकादशी मोडू नका." टाळ्या याच वाक्याला पडतात.

टाळ्या मलाही पडल्या. त्याची गोष्ट सांगणे भाग आहे.

पंचवीसेक वर्षांपूर्वी एका सप्ताहात दशमीच्या रात्री मी हेच वाक्य पुंडलिकाच्या आवेशात म्हटले. समोर एक विणेकरी बसला होता, साठीचा, साखरेच्या गोळ्या चालू असलेला. त्याने दुसऱ्या दिवशी नेमाप्रमाणे सकाळी गोळी घेतली, वर काही खाल्ले नाही, पाणीही नाही, आणि संध्याकाळी वीणा गळ्यात घेऊन पहाऱ्यावर उभा राहिला. दोन तासांनी त्याला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, तो भलतेच बोलू लागला. लोक म्हणाले, भावसमाधी लागली. मीही क्षणभर तसेच समजलो, हे लिहिताना आजही बोटे थांबतात. गावातल्या दवाखान्यात सुई देणारी एक बाई मागे बायकांत बसली होती. ती उठली, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, आणि त्याच्या तोंडात साखरेचे पाणी चमच्याने सोडले. पंधरा मिनिटांत माणूस माणसात आला. मग तिने त्याला चुलीवरची पोळी खाऊ घातली, कारण नुसती साखर टिकत नाही. त्या पोळीवरून मंडपात कुजबुज झाली, एकादशी मोडली म्हणून. तिला कोणी चार शब्द ऐकवले. मी गादीवर होतो, मला एका शब्दाने ते थांबवता आले असते. मी अभंग पुढे सुरू केला.

विणेकरी वाचला आणि पुढे बरीच वर्षे वारी केली. त्या बाईची माफी मी मागितली ती सात वर्षांनी, तिच्या ओसरीवर. ती म्हणाली, "जाऊ द्या महाराज." जाऊ देण्यासारखे ते नव्हते.

म्हणून नव्याने उपास धरणाऱ्या माऊलींनो, तो एकादशीचा असो की सोळा तासांचा, काही गोष्टी ऐकून घ्या. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी मला जे पटवले तेवढेच सांगतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्यावाचून एक जेवणही चुकवू नका. गोळी तीच आणि जेवण नाही, म्हणजे साखर सत्तरच्या खाली जायला वेळ लागत नाही. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे, ही तिची खूण. तीन चमचे साखर पाण्यात, लगेच. पंधरा मिनिटे थांबा, बरे नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग धान्याचे काही खा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका, त्याला दवाखान्यात न्या. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असतील त्यांनी निर्जळाचे नाव काढू नये. आपल्या जिल्ह्यात केळापूर, झरी, मारेगाव, राळेगावच्या बाजूला पुष्कळ घरांत सिकलसेल आहे. अंगातले पाणी कमी झाले की त्यांना कळा येतात, त्यांना निर्जळ उपास म्हणजे सरळ दुखणे ओढवून घेणे आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने, वाढत्या पोराने, क्षयाच्या औषधावरल्या माणसाने आणि ज्याचे वजन आधीच काटकुळे आहे त्याने उपास करू नये. सासूबाईंनी सुनेला करू द्यायचा नाही, हेही त्यात आले.

ज्याला असे काही नाही, त्याने एकदम सोळा तासांवर उडी मारू नये. आधी बारा तास धरा: संध्याकाळी सातला जेवण, सकाळी सातला न्याहारी. हे पंधरा दिवस सुखाने जमले तर तास-तास वाढवा. पहिल्या आठवड्यात डोके दुखते ते पुष्कळदा भुकेने नाही, चहा तुटल्याने. दिवसाला पाच कप साखरेचा चहा घेणाऱ्याने आधी तीन कप करावे, मग दोन. बिनसाखरेचा कोरा चहा उपासात घेता येईल, दूध-साखरेचा घेतला तर तो उपास राहिला नाही, एवढे मनाशी प्रामाणिक असावे. पाणी पीत राहावे. उन्हात काम असेल तर चिमूटभर मीठ, लिंबू. आणि उपास सोडताना पहिल्या घासाला मिरची-भजी नको. आपल्या जुन्या रीतीत दशमीला एकदाच जेवण, एकादशीला उपास, द्वादशीला सकाळी वरण-भाताने पारणे. म्हणजे आत जाण्याची पायरी आहे, बाहेर येण्याचीही आहे. दशमीच्या दुपारपासून द्वादशीच्या सकाळपर्यंत चाळीसेक तास होतात. हा मोठा उपास आहे, नवशिक्याचा नाही. दशमीच्या रात्री "उद्या उपास" म्हणून चापून जेवणाऱ्याने पहिली पायरीच तोडलेली असते.

सप्ताह भरवणाऱ्यांनाही एक सांगणे आहे, आणि ते गोड लागणार नाही. कीर्तन रात्री अकराला संपते, मग पंगत, साडेबाराला बुंदी आणि वांग्याची भाजी, आणि पहाटे चारला काकडा. असे सात दिवस. ढेकर देत काकड्याला बसलेले मी पाहिले आहेत. हरिपाठ झाला की सातला पंगत बसवा आणि मग कीर्तन ठेवा. "हलक्या पोटी श्रोता उठून जाईल" अशी भीती असते, म्हणून जेवण शेवटी ठेवतात, हे मला ठाऊक आहे. जेवणासाठी बसून राहिलेला श्रोता गेला तर जाऊ द्या.

वावरात राबणाऱ्यांचे वेगळे आहे. श्रावणात आपल्याकडे सोमवार, शनिवार, एकादशी, सारे उपास आणि नेमकी तेव्हाच कपाशीवर फवारणी. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडोंना दवाखान्यात टाकावे लागले. पराटी डोक्याएवढी वाढलेली, तोंडाला फडके नाही, औषधात औषध मिसळलेले. त्यात उपाशीपोटी फवारू नये, हे कृषी खाते प्रत्येक पत्रकात सांगते. माऊली, उपासाच्या दिवशी पंप पाठीवर घेऊ नका. आणि फवारणी टाळता येत नसेल, मजुरीचा दिवस जाणार असेल, तर त्या दिवशी भाकर खाऊन जा. धर्मसिंधूतली शक्तीची अट तुमच्यासाठीच लिहिलेली आहे. मालकांनीही "आज तुझा उपास, म्हणजे मधली सुट्टी नको" असला हिशोब मजुरणीशी करू नये. निंदणाला वाकलेली बाई उपासात दुपारी चक्कर येऊन पडते, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उपासाविषयी बोलताना या जिल्ह्यात आणखी एक नाव घ्यावेच लागते. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे, पत्नी मालती आणि चार मुले, या सर्वांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळच्या दत्तपूरला आपले जीवन संपवले. त्यांच्या स्मरणार्थ २०१७ पासून दर १९ मार्चला कितीतरी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. त्या दिवशी मीही जेवत नाही. हा उपास वजनासाठी नाही आणि पुण्यासाठीही नाही. ज्याच्या घरात उपास ठरवावा लागत नाही, आपोआप घडतो, त्याच्यापुढे "मी सोळा तास राहिलो" असे सांगताना जीभ जरा आवरावी.

कीर्तनात "उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे" हा अर्थ सांगून आम्ही इतक्या वेळा टाळ्या घेतल्या आहेत की तो मी येथे विस्ताराने सांगत नाही. त्या पुण्याच्या पोराला मी उत्तर दिले ते असे: तुझे सोळा तास तुझ्या शरीराचे, ते तू कर, त्यात काही वाईट नाही. एकादशी मात्र त्यात मोजू नकोस. एकादशीला किती तास झाले ते पाहायचे नसते. त्या दिवशी तुझा वाचलेला वेळ हरिपाठाला दे, आणि वाचलेले धान्य मुठीने मोजून बाजूला काढ. तो म्हणाला, "मोजायचे नाही म्हणता, आणि मूठ मोजायला सांगता." पोरगा हुशार आहे.

आता आषाढी जवळ आली आहे. आपल्याकडल्या दिंड्या निघतील. रोज कित्येक कोस चाल, त्यात वाटेत एकादशी येते. निघताना झोळीत खडीसाखरेची पुडी ठेवा. आपल्याला कोणती गोळी चालू आहे ते कागदावर लिहून पुढल्या आणि मागल्या माऊलीला दाखवा. दिंडीचालकांनी पहिल्याच मुक्कामी साखरेचा विकार असलेल्यांची यादी करावी, आणि वीणा तासातासाला बदलावी. कोणी घामाघूम होऊन भलते बोलू लागला, तर आधी साखर द्या.

राम कृष्ण हरि.